बोडीतली मासोळी लिंबात मुरवून कच्ची खायची म्हणता?

भाऊ, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. पुण्याला भावाकडे गेलात, तिथं हॉटेलात ‘सेविचे’ (लिंबाच्या रसात मुरवलेला कच्चा मासा) खाल्लं, आवडलं. आता पौषात पाहुणे येणार आहेत. घरची बोडी (लहान तळं) आहे, तीत रोहू-कतला सोडलेत, मरळ आपोआप आलीय. अंगणात कागदी लिंबाचं झाड आहे, साळ्याच्या बागेतली संत्री आहेत. मासोळी तासाभरापूर्वी जाळ्यातून काढलेली असेल, तर लिंबाच्या रसात किती वेळ ठेवली म्हणजे ती ‘पूर्ण शिजेल’?

मी सोळा वर्षं गोव्यात आणि मुंबईत हॉटेलांच्या थंड विभागात काढली. थंड विभाग म्हणजे सॅलड, कच्चा मासा, फळं कापायची जागा. आता भंडारा जिल्ह्यात गावी परत येऊन जंगल पाहायला येणाऱ्यांसाठी सहा खोल्या आणि स्वयंपाक चालवतो. सेविचे हातानं किती वेळा केलं ते मोजलेलं नाही. तरीही तुमच्या ‘किती वेळ’ला मी मिनिटांत उत्तर देणार नाही, कारण लिंबात मासा शिजतच नाही. दहा मिनिटं ठेवा की दहा तास ठेवा. तुमच्यासमोरचा खरा प्रश्न आहे तो मासा कुठला आणि तो ताटात येईपर्यंत कसा सांभाळला, हा.

हे समजायला दूध घ्या. थंड दुधात लिंबू पिळलं की ते फाटतं. घट्ट गोळे होतात, पाणी वेगळं निघतं. पण फाटलेलं दूध उकळलेलं असतं का? कच्चं दूध लिंबानं फाडलं तर त्यातले जंतू तसेच राहतात. माशाचंही तेच. आंबटानं मांसातल्या प्रथिनांची घडी उलगडते, मांस पांढरं आणि घट्ट होतं, काचेसारखा दिसणारा तुकडा उकडल्यासारखा दिसू लागतो. चुलीवरही प्रथिनांचं असंच होतं, म्हणून डोळ्याला फरक कळत नाही. मात्र चुलीवरची धग जंतूंना आणि कृमींना मारते. लिंबाचा रस त्यातल्या काहींनाच मारतो.

‘काहींनाच’ म्हणजे काय, तेही सांगतो. कॉलऱ्याचा जंतू ज्या व्हिब्रिओ गटातला, त्या गटाला आंबट चांगलंच झोंबतं. साल्मोनेला हा पोट बिघडवणारा जंतू बराच तग धरतो. आणि मांसात गुंडाळून बसलेल्या कृमीच्या अळीला लिंबू म्हणजे अंगावर पावसाची सर आल्यासारखं. हा पदार्थ ज्या पेरू देशाचा (आपल्याकडे त्या फळाला जाम म्हणतात, म्हणून निदान आपला तरी घोटाळा होत नाही), तिथं १९९१ साली कॉलऱ्याची मोठी साथ आली. वर्षभरात तीन लाखांहून जास्त लोक आजारी पडले. मुख्य दोष पिण्याच्या पाण्याचा होता, तरी संशय सेविचेवरही आला आणि कच्चा मासा टाळा असं लोकांना सांगावं लागलं. ज्यांच्या रोजच्या जेवणात हा पदार्थ आहे, त्यांच्यावर ही पाळी आली.

आता तुमच्या बोडीकडे येऊ. तिथली मासोळी कच्ची खाऊ नका. या एका बाबतीत मी ‘परिस्थितीवर अवलंबून’ असं म्हणणार नाही. रोहू असो, कतला असो, मरळ असो, गावच्या मामा (माजी मालगुजारी) तलावातली असो की गोसीखुर्द धरणाच्या पाण्यातली.

कारण सांगतो. बोडीत पावसाचं पाणी गावातून, बांध्यांतून वाहत येतं. म्हशी त्यातच बसतात. काठावर कुत्री-मांजरं फिरतात, तिथंच घाण करतात. त्या घाणीतली कृमीची अंडी पाण्यात उतरतात, फुटतात आणि पाण्यातला सायक्लॉप्स नावाचा बारीकसा जीव ती गिळतो. सायक्लॉप्स हे नाव आपल्या बापजाद्यांच्या पिढीला नारूच्या कृमीच्या रोगामुळे माहीत आहे. पाणी फडक्यानं गाळून प्या असं सांगत गावोगाव माणसं फिरत ती ह्याच्यासाठीच. २००० साली देश नारूमुक्त झाला, सायक्लॉप्स कुठं गेला नाही. त्याला मासोळी खाते आणि अळी मासोळीच्या मांसात जाऊन बसते. ग्नॅथोस्टोमा नावाच्या कृमीचं चक्र असं चालतं. मरळीच्या जातीचे मासे त्याचे आवडते. माणूस त्याच्या हिशेबात नसतो, म्हणून माणसाच्या पोटात गेलेली अळी वाट चुकल्यासारखी कातडीखालून फिरत राहते. आज मांडीवर सूज, पंधरा दिवसांनी पोटावर. कधी कधी डोळ्यात नाहीतर मेंदूतही जाते. मेक्सिकोच्या पश्चिम किनाऱ्याकडे १९७०पासून याचे रुग्ण सापडत आलेत, आणि त्यांतल्या बऱ्याच जणांनी गोड्या पाण्यातल्या माशाचं सेविचे खाल्लेलं होतं. म्हणजे अगदी तुम्ही करायचं म्हणता तेच.

ही अळी तीन-चार मिलिमीटरची असते. मांसात गोल वेटोळं करून बसलेली. तुम्ही म्हणाल, बघून काढू. मी सोळा वर्षं मासे कापलेत, दिव्यासमोर धरून तपासलेत, आणि गढूळ पाण्यातल्या मरळीच्या लालसर मांसात ती दिसेल याची खात्री मी देत नाही.

गावी आलो तेव्हा पहिल्याच हिवाळ्यात मलाही तुमच्यासारखीच हुक्की आली होती. तलावाच्या पाळीवर मासोळी विकायला बसणाऱ्या ढिवराच्या एका म्हातारीला विचारलं, “आजी, तुमच्यात कच्ची खातात का कोणी?” तिनं तराजू खाली ठेवला आणि माझ्याकडे असं पाहिलं की बस. “कच्ची मासोळी त बगळा खाते बापा. मानूस कायले खाईन?” ज्यांच्या पिढ्या या पाण्यावर जगल्या ते भाजतात, रस्सा करतात, उन्हात वाळवून ठेवतात, पण कच्ची खात नाहीत. मी माझं शहाणपण तिथंच पाळीवर सोडून आलो.

मग समुद्राचा मासा? इथं मात्र खरंच परिस्थितीवर आहे. नागपूरच्या बाजारात सुरमई, रावस, पापलेट मिळतात. रेल्वेनं, ट्रकनं, बर्फात येतात. तुमच्या गावापर्यंत यायला आणखी दोन-तीन तास. मासा बाहेर निघून किती दिवस झाले, मधे बर्फ किती वेळा वितळला, हे विकणाऱ्यालाही नीट ठाऊक नसतं. तो खोटं बोलतो असं नाही, त्याच्यापर्यंतच माहिती येत नाही. शिवाय पेटीतला बर्फ खाण्यासाठी केलेला नसतो. मासा कच्चा खायचा म्हटलं की तोही तुमच्या ताटाचा भाग झाला.

एक प्रसंग सांगतो. गोव्यात मी नवीन होतो. एका दुपारी सुरमई आली, पेटीत तळाला बर्फाचं पाणी झालेलं. मासा दिसायला झकास होता, डोळे चकचकीत, कल्ले लाल, वास नाही. मी पातळ काप काढले, लिंबू-मीठ लावलं, बाहेर पाठवलं. अर्ध्या तासात तीन पाहुण्यांचे चेहरे रंगपंचमी खेळल्यासारखे लाल. एकीच्या गळ्यावर गांधी उठल्या, डोकं ठणकायला लागलं. डॉक्टर आले, गोळ्या दिल्या, संध्याकाळपर्यंत तिघंही बरी झाली. सुरमई, बांगडा, तूना हे मासे उन्हात किंवा कोमट जागी राहिले की त्यांच्या मांसात हिस्टामिन तयार होतं. ते एकदा तयार झालं की लिंबानं जात नाही, गोठवून जात नाही, शिजवूनही जात नाही. मुख्य आचाऱ्यानं मला ओरडून नाही, शांतपणे विचारलं, “पेटी उघडली तेव्हा बर्फ हाताला लागला का पाणी?” त्या दिवसापासून मी मासा बघायच्या आधी बर्फ बघतो.

समुद्राच्या माशातही कृमी असतात. त्यांतला अॅनिसाकिस सगळ्यात बदनाम. त्यावर उपाय गोठवण्याचा. अमेरिकेच्या अन्नसुरक्षा नियमांत कच्च्या खायच्या माशासाठी दिलेला हिशेब असा आहे: उणे २० अंश सेल्सिअस किंवा त्याखाली सलग ७ दिवस, नाहीतर उणे ३५ला दगडासारखा गोठवून त्याच तापमानाला १५ तास. गोठवल्यानं कृमी मरतात. जंतू मात्र बहुतेक झोपून राहतात आणि मासा कोमट झाला की उठतात. म्हणजे गोठवलेला मासाही सुरुवातीपासून स्वच्छ आणि थंडच राहिलेला हवा.

घरच्या फ्रिजचा वरचा कप्पा उणे २० गाठत नाही. उणे १८ कागदावर असतं. दार दहा वेळा उघडलं, बर्फ साचला, भारनियमन झालं की ते उणे १० वरही येतं. आईस्क्रीमच्या दुकानात असतो तसा आडवा डीप फ्रीझर आतमध्ये थर्मामीटर ठेवून उणे २० दाखवत असेल आणि सात दिवस वीज टिकली, तरच हिशेब बसतो. आमच्याकडे इन्व्हर्टर फ्रीझरला ओढत नाही, म्हणून मी एक जुनी युक्ती वापरतो. वाटीभर पाणी गोठवायचं, त्यावर रुपयाचं नाणं ठेवायचं आणि वाटी माशाशेजारी ठेवायची. सातव्या दिवशी नाणं वरच असेल तर निदान बर्फ वितळला नव्हता. नाणं बर्फात रुतलेलं दिसलं तर वीज गेली होती, तुम्ही झोपेत होतात. मग तो मासा सरळ रश्शात. एक लक्षात ठेवा, नाणं वर असलं म्हणून उणे २० राहिलं होतं असं होत नाही. त्यासाठी थर्मामीटरच लागतो, दोन-तीनशे रुपयांत येतो.

दुकानातली गोठवलेली पाकिटं घेऊ का, असंही कुणी विचारेल. त्यांच्यावर ‘शिजवून खा’ लिहिलेलं असतं ते उगाच नाही. कारखान्यात तो मासा कच्चा खाण्यासाठी हाताळलेलाच नसतो.

आणि खाणारा कोण, यावरही आहे. गरोदर बाई, लहान पोरं, म्हातारी माणसं, लिव्हरचा त्रास असलेले, अॅसिडिटीच्या गोळ्या रोज घेणारे (पोटातलं आम्ल हीच आपली पहिली राखण, गोळीनं ती कमी होते) यांना कच्चा मासा नको, कितीही चांगला असला तरी. आपल्या पूर्व विदर्भात सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचे रुग्ण पुष्कळ आहेत आणि साल्मोनेलासारखा जंतू त्यांना हाडापर्यंत त्रास देतो. पंगतीत कोण बसलंय हे यजमानाला नेहमी माहीत नसतं. पाहुणाही सांगत नाही. मी माझ्या खोल्यांवर येणाऱ्यांना खरोखर कच्चं सेविचे देत नाही, त्याचं अर्धं कारण हे.

इथपर्यंतचा हिशेब असा झाला: बोडीची मासोळी कच्ची नाही. समुद्राचा मासा कच्चा खायचा तर खात्रीचा बर्फ आणि खात्रीचा फ्रीझर, दोन्ही हवेत. बहुतेक गावांत दोन्ही नाहीत.

म्हणून मी करतो ते सांगतो. मासोळी आधी पाण्यात हलकी उकडायची आणि मग लिंबात घालायची. ही लबाडी नव्हे. इक्वाडोरमध्ये कोळंबीचं सेविचे उकडलेल्या कोळंबीचंच करतात आणि त्याला कोणी नकली म्हणत नाही.

यासाठी मरळ घ्या. रोहू-कतल्याच्या मांसात ते दुफाटे बारीक काटे असतात. रश्शात बोटांनी काढता येतात, पण थंड, आंबट तुकड्यात एक काटा घशाला लागला की पाहुणा वाटी खाली ठेवतो. मरळीत मधला कणा काढला की काम झालं. चार जणांना साफ केलेलं ४०० ग्रॅम मांस पुरतं. कातडी काढा आणि दोन बोटं जाड तुकडे करा. लहान नको, उकडताना विस्कटतात. पातेल्यात पाणी, मीठ, आल्याचा ठेचलेला तुकडा आणि लिंबाची दोन पानं. पाणी खदखदू द्यायचं नाही, कडेनं बुडबुडे येतील एवढंच. तुकडे सोडा, चार-पाच मिनिटं. एक तुकडा मधोमध मोडून बघा. आत काचेसारखं काही दिसता कामा नये, पापुद्रे सुटायला हवेत. आत घालायचा थर्मामीटर असेल तर ६३ अंशांच्या वर जायला हवं, मी सत्तरपर्यंत नेतो. झाऱ्यानं काढून थाळीत पसरा, थंड झाले की फ्रिजमध्ये अर्धा तास. मग बोटांनी मोठे मोठे तुकडे मोडा. बोडीतले झिंगे असतील तर तेही असेच, आकारानुसार दोन-तीन मिनिटं. गोल वळून घट्ट गुलाबी झाले की काढा, जास्त ठेवले तर रबर.

आंबटाबद्दल थोडं जास्त बोलतो, कारण चव इथं आहे. नुसत्या संत्र्याच्या रसावर हे होत नाही. कागदी लिंबाच्या रसात साधारण ६ टक्के सायट्रिक आम्ल असतं, नागपुरी संत्र्यात १ टक्क्याच्या आसपास. संत्रं वासाला आणि गोडीला, लिंबू कामाला. मी आठ लिंबांच्या रसात एका संत्र्याचा रस घालतो आणि दुसऱ्या संत्र्याच्या फोडी सोलून, पांढरे धागे काढून शेवटी वर ठेवतो. पौष म्हणजे आंबिया बहाराची संत्री संपता संपता, गोडी भरलेली. बाग जवळ असेल तर अजून एक वस्तू शोधा. संत्र्याची कलमं जंबेरीच्या खुंटावर बांधतात. कलम मेलं की बांधावर खुंट फुटून त्याला खडबडीत पिवळी फळं लागतात, ती कोणी विचारत नाही. त्या जंबेरीचा रस आंबट आणि वासाला जरा रानटी असतो. दोन लिंबांऐवजी अर्धी जंबेरी घालून पाहा. पण आधी जिभेला लावून बघा, काही झाडांची फळं कडवट निघतात.

लिंबू पिळताना शेवटच्या थेंबासाठी जोर करू नका, सालीतला कडूपणा उतरतो. भांडं काचेचं, चिनी मातीचं किंवा स्टीलचं. अॅल्युमिनियम आणि पितळ आंबटात धातू सोडतात.

एक कांदा केसासारखा पातळ चिरून दहा मिनिटं गार पाण्यात, मग पिळून. हिरवी मिरची दोन, बिया काढून बारीक. मूठभर सांभार (कोथिंबीर), देठासकट. मीठ आधी माशाला लावा आणि पाच मिनिटं थांबा, नंतर रस घाला. क्रम उलटा केला की मीठ रसातच राहतं आणि मासोळी अळणी लागते. उकडलेल्या माशाला वीस मिनिटं पुरतात. सोबत पेरूत उकडलेलं रताळं आणि मका देतात. दोन्ही आपल्याकडे पौषात आहेत, वेगळं काही शोधायला नको. लिंबाच्या झोंबणाऱ्या घासानंतर रताळ्याचा गोड, पिठूळ घास का लागतो ते खाल्ल्यावरच कळतं.

आता एवढं सगळं वाचूनही कुणाकडे रावस आहे, बर्फ हाताला लागला होता, उणे २०चा फ्रीझर सात दिवस अखंड चालला आहे आणि पंगतीत धडधाकट मोठी माणसंच आहेत, तर करा. मासा रात्रभर फ्रिजच्या खालच्या कप्प्यात झाकून सुटू द्या, ओट्यावर नाही. अंगठ्याच्या पेराएवढे तुकडे, खाली बर्फाची थाळी. बर्फ घरी, गाळलेल्या पाण्याचा. कापायचा पाट आणि सुरी साबणानं धुतल्याशिवाय कांद्याला लावायची नाही. मीठ, मग रस. दहा ते पंधरा मिनिटांत बाहेरून पांढरं आणि आत जरासं पारदर्शक होतं, तेव्हाच वाढा. पेरूत पूर्वी तासन्‌तास मुरवत, आता पाच-दहा मिनिटांत वाढतात. तासभर ठेवलंत तर मासा जास्त सुरक्षित होत नाही, नुसता चिवट आणि भुसभुशीत होतो. आणि वैशाखात हा उद्योग नकोच. आपल्याकडे पंचेचाळीस अंशांत थाळीतला बर्फ बोलता बोलता जातो.

वाटीत उरलेल्या दुधट, आंबट-तिखट रसाला पेरूत ‘वाघाचं दूध’ म्हणतात आणि लहान ग्लासात पितात. उकडलेल्या मरळीचा असेल तर खुशाल प्या, माझ्याकडे नागझिऱ्याच्या जंगलातून थकून आलेले पाहुणे नाव ऐकूनच मागतात. कच्च्या माशाचा असेल तर तिथल्या तिथं प्या नाहीतर ओतून द्या. उरलेले कच्चे तुकडे सकाळसाठी झाकून ठेवू नका. कढईत तेल, लसूण, हळद टाका आणि त्याच रात्री परतून घ्या. भाताबरोबर ते फार बरे लागतात, आंबट मासोळीसारखे.